भट्टीमागचं घर

दिग्रसच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा माझी चार वर्षांची चिनू खांद्यावर होती आणि माय बाकड्यावर बसून खोकत होती. निरोप द्यायला आलेली, पण तिला धड उभंही राहवेना. दादा, तू बॅगा आत ठेवल्यास आणि खाली मान घालून उभा राहिलास. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला धुरापासून लांब न्या. धूर तर घराच्या पाठीशीच. दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी, आणि तिच्यावरच तुझी नोकरी.

"तू कायले रडून राह्यली? पोरगीले घेऊन जाय. मले काय होते, म्या चुलीपाशी जलम काढला," माय म्हणाली. लाकडाचा धूर आणि सलाइनच्या नळ्यांचा धूर तिच्या लेखी एकच.

दोष तुझ्या एकट्याच्या माथी मारत नाही. तू भट्टीतल्या राखेचं पहिलं पोतं घरी आणलंस तेव्हा सगळ्यात जास्त मीच हरखले होते. बारीक, पांढुरकी राख, चाळायचीही गरज नाही! पातेल्यात तोंड दिसायचं. शेजारच्या बाया वाटी-वाटी मागायला यायच्या आणि माय ऐटीत वाटायची. ती अंगणात भांडी घासायची, राख उडायची, चिनू तिला खेटून बसायची. चुलीतली काय नि भट्टीतली काय, राख ती राख, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुण्यात हॉस्पिटलात आयाचं काम लागलं, तेव्हा ट्रेनिंगमध्ये कळलं की त्या राखेला उघड्या हातानं शिवायचंसुद्धा नाही, तिची धूळ छातीत जाऊन बसते. मी सगळ्यांसमोर रडले. फोन केला तर माय म्हणाली, "आता सांगून राह्यली? चार पोते सरले न माय."

चिनू इथे बरी आहे. शाळेत पळते, 'मला-तुला' बोलते, तिचा दम्याचा पंप कपाटात पडून असतो. एकदा सुट्टीत तिला तिकडे नेलं होतं, तर तिसऱ्याच दिवशी दिग्रसच्या दवाखान्यात पळालो. तेव्हापासून माझी हिंमत होत नाही. मायला इकडे ये म्हटलं तर म्हणते, "तुह्या भाऊले डबा कोन देईन?" तू भट्टी सोडत नाहीस, माय तुला सोडत नाही. भट्टी हलवा म्हणून गावानं अर्ज केले, साहेब आले, चहा पिऊन गेले. आग लागो त्या चहाला!

आणि मी तरी कुठली शहाणी? रोज वॉर्डातल्या जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांना गाठ मारते. कुठे जातात, म्हणून गाडीवाल्याला विचारलं. "लांब, मावशी. एका गावात." गावाचं नाव विचारायचं धाडस झालं नाही. पगार मात्र घेते.

परवा व्हिडिओ कॉलवर मायच्या नाकात ऑक्सिजनची नळी दिसली. दोन शब्दांमागे थांबत होती. चिनूनं विचारलं, "आजी, दिवाळीला येऊ?"

मायनं दम घेतला. "नको येऊ, बाई... इकडं नको."

लेकीबाळींची वाट बघणारी बाई ती. सणाला कोणी आलं नाही तर दोन दिवस धड जेवायची नाही. तिनंच स्वतःच्या तोंडानं नातीला नको म्हटलं. माझ्यासाठी आता घर म्हणजे हेच, दादा. पोरीला जिथे नेता येत नाही, ती जागा. यापुढे मी येईन ती एकटीच, आणि कशासाठी येईन ते तुला ठाऊक आहे.