टपरीसमोरचे लाल ठिपके

नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी फायलींबरोबर ठाण्यातच ठेवून आलो. कासारसाईकडच्या रस्त्यावरच्या टपरीचं प्रकरण मात्र घरापर्यंत माझ्यामागे आलं.

निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली होती. अपघाताची नोंद मोबाईलवर करायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. अंमलदाराने माहिती भरली की संगणकाच्या नकाशावर लाल ठिपका उमटायचा. या वयात मला ते जमलं, म्हणून मी चांगलाच फुशारलो होतो. ठाण्यात येईल त्याला नकाशा दाखवायचो.

त्या नकाशात एका जागी ठिपक्यांची दाटी झाली होती. तिथे एका म्हाताऱ्या चाचांची चहाची टपरी होती. त्याच सुमारास निनावी अर्ज आला, की टपरीमुळे गाड्या रस्त्यातच थांबतात आणि माणसं मरतात. अर्ज आणि नकाशा जुळत होते. मी चाचांना चौकशीला बोलावलं.

“तुमच्या दारात एवढे अपघात होतात, आणि तुम्हाला काहीच सांगायचं नाही?”

“दारात न्हाई हुत, साहेब. पुढं वळणावर हुत्यात. मी तितं पाणी घेऊन पळतो.”

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. ते ठिपक्यांकडे बघत राहिले. “मशीनच म्हनतंय, तर मी काय बोलू?”

चौकशीत गप्प होणारा माणूस काहीतरी लपवतो, असं मी नोकरीभर मानत आलो. थकलेला माणूसही गप्प होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. टपरी रस्त्याच्या हद्दीत होतीच. माझा अहवाल गेला आणि आठवड्याभरात ती उठली.

पुढच्याच महिन्यात त्या रिकाम्या जागी नवा ठिपका पडला. दुचाकीवरचा एक जण दगावला होता. मी स्वतः जाऊन पाहिलं. तिथे ना काचेचा तुकडा, ना टायरची खूण. नोंद करणाऱ्या अंमलदाराला समोर उभं केलं.

“नोंद कुठून भरलीस?”

त्याने मान खाली घातली. “साहेब, वळणावर रेंज न्हाई. आमी सगळेच टपरीपाशी येऊन भरतो.”

मोबाईल जिथे असेल, तिथेच ठिपका पडत होता.

मी तडक जवळच्या चांदे गावात चाचांच्या घरी गेलो. त्यांनी चपला घातल्या आणि ते जीपमध्ये बसले. वळणावर उतरून त्यांनी बोट दाखवलं. “वर प्लॉटिंग केलं, तवा रस्त्याखालची मोरी बुजवली. पाणी रस्त्यावर येतंय. गाडी हितं घसरती.” भर उन्हात तिथला रस्ता ओला होता.

मोरी मोकळी झाली, कठडा बसला. मी निवृत्त होईपर्यंत त्या वळणावर एकही माणूस दगावला नाही.

त्या दिवशी परतताना चाचांनी विचारलं होतं, “टपरी परत लावू का, साहेब?”

“रीतसर कागद आणून देतो, मग लावा,” मी म्हणालो. रस्त्यापासून आत, सोयीची जागा पाहून अर्ज केला. टपरी उठवायला आठवडा पुरला होता. बसवायचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर वर्षभर फिरला. मीही हवा तेवढा मागे लागलो नाही, हे कबूल करतो.

परवानगी हातात पडली तेव्हा मी आनंदाने स्वतः घेऊन गेलो. चाचा पंधरा दिवसांपूर्वी गेले होते.

“रोज सकाळी तयार हून बसायचे,” चाची म्हणाल्या. “साहेबांचा कागद आज येनार म्हनायचे.” मग त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारलं, “आता ह्यो कुनाच्या नावावर करायचा?”



ठिपका बघण्याआधी जागेवर जावं आणि तिथे पळत जाणाऱ्या माणसाचं ऐकावं, हे मी या प्रकरणात शिकलो. ज्यांच्या उपयोगी पडायला हवं होतं, ते मात्र राहिले नाहीत. त्या रस्त्याने गेलो की अजूनही गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसतो. चाचांच्या हातचा चहा मी एकदाही प्यायलो नव्हतो. आता तोच हवासा वाटतो.