दुसऱ्याच्या सिगारेटचा वास

कॉम्प्युटर मी घरी आणला तो नवऱ्याजवळ बसता यावं म्हणून. तोवर मी एका डीटीपी सेंटरवर टायपिंगला जात होते. क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, कुणाकुणाचे अर्ज. पण नवऱ्याच्या फुफ्फुसांनी दगा दिल्यावर त्यांना दिवसभर एकटं ठेवणं जमेना. ते टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तीस वर्षं सुताचा कचरा नाकात आणि तीस वर्षं सिगारेट. नक्की कशानं काय झालं ते डॉक्टरांनाही वेगळं करून सांगता येत नाही. सिगारेट त्यांनी दवाखान्यातून घरी आल्या दिवशी सोडली. इतकी वर्षं मी भांडून, रडून, शपथा घालून जे झालं नव्हतं ते एका दिवसात झालं, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं आणि नाकाला नळी लावून ते खिडकीबाहेर बघत बसतात.

नव्या पेठेमागच्या एका गल्लीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणारे एक मिस्त्री आहेत. साठीचे, पांढऱ्या दाढीचे, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं उर्दूत बोलणारे.

"ये देखो भाभी, एका टॅक्सवाल्या साहेबांच्या ऑफिसातला आहे," ते म्हणाले. "साहेब रिटायर झाले, म्हणून निघाला. मशीन एकदम खणखणीत."

मी चालू करून चार ओळी मराठीत टाइप करून बघितल्या. दुकान रस्त्याला उघडं, शेजारी भज्यांची कढई. तिथं दुसरा कसला वास कळणं शक्यच नव्हतं.

घरी पलंगाच्या पायथ्याशी टेबल लावलं, कॉम्प्युटर मांडला आणि एक प्रश्नपत्रिका उघडली. तासाभरात तो तापला आणि खोलीत सिगारेटचा वास पसरला. ताज्या धुराचा नव्हे, बंद खोलीत रात्रभर भरून राहिलेल्या ॲशट्रेचा. माझी नजर सरळ नवऱ्याकडे गेली. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मी न्हाय," ते म्हणाले. ते मूळचे वैरागकडचे. शहरात आयुष्य काढूनही बोलणं तसंच राहिलंय.

मग मी नाक लावून लावून शोधलं, तर वास कॉम्प्युटरच्या डब्यामागच्या जाळीतून येत होता. मिस्त्रींना फोन केला.

"साहेब एसी लावून, दरवाजा बंद करून पीत होते भाभी. मैं भूल गया. मेरे कू तो आता कुठल्याच मशीनचा वास येत नै."

"मग आता काय करू?"

"पुसून बघा. मी लिक्विड देतो. पॉवर सप्लाय मात्र उघडायचा नाही. करंट राहतो त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं गॅलरीत नेलं. ते लिक्विड स्पिरिटसारखं, झटकन उडून जाणारं. ऑक्सिजनच्या खोलीत ते उघडायचंही नव्हतं. डब्याची बाजू काढली तर आत धूळ अशी नव्हतीच. धूळ झाडली की उडते. इथं पंख्याच्या प्रत्येक पात्यावर, प्रत्येक वायरीवर तपकिरी, चिकट लेप होता, आणि त्या लेपाला धरून राखाडी कापूस साचलेला. कान साफ करायच्या काड्या, जुना टूथब्रश, मऊ फडकी. काडी एकदा फिरवली की चहात बुडवल्यासारखी होऊन येई. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला होता तेव्हा मला काही कळलं नव्हतं. गॅलरीत बसून त्या पंख्याकडे बघताना कळलं.

पाणी यायच्या दिवशी कीबोर्डची बटणं एकेक करून उपसली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. पाणी पिवळं झालं. बाथरूममधून ती परात बाहेर आणताना नवऱ्यानं हात करून थांबवलं आणि वाकून बघितलं.

"फिल्टरची हाय," ते म्हणाले. "भारीतली. साहेब पैशावाला असणार."

"वासावरून कळतं तुम्हाला?"

"कळतं की."

असे आठ-दहा दिवस गेले. रोज सकाळी पुसायचं, जोडायचं, दुपारी तापला की वास परत. शेजारणीनं सांगितलं म्हणून फडक्यात खायचा सोडा बांधून ठेवला, कोळसा ठेवला. उदबत्ती, कापूर तर आमच्याकडे बंदच. पुसलेल्या जागेला वास येत नव्हता. वास यायचा तो त्या न उघडायच्या पॉवर सप्लायमधून, आणि त्याचा पंखा तो सरळ खोलीत फेकायचा.

एका दुपारी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले. कॉम्प्युटर चालूच होता. परत आले तर पलंग रिकामा. नवरा टेबलाच्या मागच्या अंगाला जमिनीवर बसला होता. नळी नाकातून काढून गळ्यात टाकलेली. डोळे मिटलेले, आणि तोंड त्या जाळीच्या इतकं जवळ की कपाळावरचे पांढरे केस गरम हवेनं हलत होते.

पलंगापासून तिथवर सहा पावलं. एवढं चालायला त्यांना एरवी माझा खांदा लागतो.

"अहो," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. दचकले नाहीत. "जरा बसलो हुतो."

"नळी का काढलीत?"

"नळी लावली की वास येत न्हाय."

मी कपडे खाली ठेवले. चिडावं असं आतून वाटत होतं, पण राग वर येईना. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले, नळी परत लावली. मशीन तेवढा वेळ हवेतच ऑक्सिजन सोडत होतं.

"रोज बसता का इथं?"

"तू गच्चीवर गेलीस की." मग थांबून, श्वास गोळा करून म्हणाले, "मी वढत न्हाय की. सोडलीय ती सोडलीय. नुसता वास. तू ते पुसू नगंस सगळं."

लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या शर्टांना, उशीला, माझ्या साड्यांना हा वास होता. मी त्याला शिव्या घातल्या, खिडक्या उघडल्या, चादरी दोन-दोनदा धुतल्या. आणि आता हा माणूस माझ्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी सिगारेटचा वास मागत होता, लहान मुलानं खाऊ मागावा तसा. मी त्यांना धरून उठवलं आणि पलंगावर नेलं. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद करायला माझा हात गेला नाही. ते माझं चुकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली. ओठ निळे पडले, बोलता येईना, औषधाचा पंप मारूनही उतरेना. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, चार तासांनी जरा रंग आला. वासाचं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. उन्हाळाही आहे. पण असलं काही त्यांच्या खोलीत नको." त्यानंच झालं असतं तर मला निदान एक बोट ठेवायला जागा मिळाली असती. तीही मिळाली नाही.

मी कॉम्प्युटर मिस्त्रींकडे नेला. त्यांनी पॉवर सप्लाय बदलला, पंखे बदलले, वरचा डबाच दुसरा घातला. मग चालू करून दोघंही वाट बघत बसलो. तासाभरानं मी वाकून वास घेतला आणि मान हलवली. कमी होता, पण होता.

"बोर्डात बसलाय," ते म्हणाले. "बोर्ड बदला तो फिर नया कॉम्प्युटरच झाला. दुसरा कुठला आला तर बदलून देतो भाभी. कब आयेगा, बोल नै सकता." त्यांनी फडक्याला हात पुसले आणि खाली बघत म्हणाले, "मेरे कू बताना था तुमको. गलती झाली."

त्यांच्यावर तरी काय रागवायचं. क्लासच्या परीक्षा आठ दिवसांवर होत्या. मी तोच परत आणला आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात मांडला. काम करताना मधलं दार बंद ठेवते, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावते. नवऱ्यानं याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त पहिल्या दिवशी, मी टॉवेल लावत होते तेव्हा, दाराकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "आता तितंच बसणार का तू?"

"काम आहे तोवर," मी म्हणाले.

ज्या माणसाजवळ बसायला घरी आले, त्याच्या आणि माझ्यामध्ये आता दिवसाचे सहा तास दार असतं. त्यांचा आवाज दारापलीकडे येत नाही, म्हणून मी त्यांच्या हाताशी स्टीलचा चमचा ठेवला आहे. काही लागलं की ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवतात. कधी पाणी, कधी पाठीमागची उशी, कधी बाथरूम.

काल बारा वाजायच्या सुमारास चमचा वाजला. मी गणिताचा पेपर टाइप करत होते, अर्धवट टाकून गेले.

"काय हवंय?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "हायेस का बघितलं."

मी थोडा वेळ पलंगाच्या कडेला टेकले. मग उठले, आत आले आणि टॉवेल परत दाराला लावला.