चूळ भरताना निघालेला तुकडा

“चूळ भरून दात पडते काय कोनाचा? म्हने चूळ भरली!”

बाहेरच्या बाकावरून हे ऐकू आलं तेव्हा मी आत ट्रे मांडत होते. आवाज ओळखीचा होता. वलगावच्या काकू आल्या होत्या, म्हणजे त्यांच्या सुनेच्या पुढच्या दाताचं सिमेंट पुन्हा निघालं होतं. तिसऱ्यांदा.

“आई, खरंच म्या कायी तोडलं नाई दातानं.”

“मंग उंदरानं नेलं?”

शेजारचा सुजल्या गालाचा माणूस गाल धरून हसला.

अमरावतीच्या या दातांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर, मोठ्या मॅडमच्या हाताखाली काम करते. घर अकोल्याला. वऱ्हाडी मला सगळी कळते, पण बोलायला गेले की कॉन्व्हेंटची पोरगी नक्कल करतेय असं माझं मलाच वाटतं. म्हणून कमी बोलते. पेशंटना मी मगरूर वाटते, आणि तो गैरसमज मला सोयीचाही पडतो.

सून माझ्याच वयाची. माहेर अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथलं जास्त फ्लोराइडचं बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या पुष्कळांसारखे तिचे दात तपकिरी डागांचे, जागोजागी खड्डे पडलेले. समोरच्या एका दाताची कड ढासळली होती, ती लग्नाआधी भरून घेतली. तेव्हापासून ती टिकत नाही. दात चहूबाजूंनी घासून कॅप बसवता येईल असं मॅडमनी सुचवलं होतं, तर काकू म्हणाल्या, “चांगला दात घासून काहून टाकाचा?” त्यांचंही फार चूक नव्हतं.

काकू खाष्ट नव्हत्या. सुनेला भाकरीचा मधला मऊ भाग वाढायच्या. हुरड्याच्या दिवसांत दात जपावा म्हणून तिला शेतात नेलं नाही, तर स्वतःही गेल्या नाहीत. “लहान लेकरावानी पेरू चिरून देतो मी हिले,” त्या सगळ्या बाकाला सांगत होत्या, “अन् हे लपून खाते कायीतरी. वरून खोटं बोलते.”

“काहीतरी कडक चावलं असेल हो,” मॅडम आतूनच म्हणाल्या. त्या दुसऱ्या पेशंटच्या तोंडात वाकलेल्या होत्या. हे वाक्य आम्ही सगळेच म्हणतो, हात कामात असताना आपसूक येतं. पण बाकावर निकाल लागला.

“आयकलं?” काकू म्हणाल्या.

निघालेला तुकडा काकूंनी कापसात गुंडाळून आणला होता. मी तो दिव्याखाली धरला. चावताना मोडलेला तुकडा वेडावाकडा मोडतो, थोडा दाताला चिकटून राहतो. हा अख्खा सुटला होता. आतली बाजू गुळगुळीत, तिच्यावर दाताच्या खड्ड्यांचा ठसा. म्हणजे दातावर काही उरलं नसणार. ती खरं बोलत होती, हे मला कळलं आणि मी तुकडा परत कापसात ठेवला.

खुर्चीत ती आली. मी दातावर निळं आम्ल लावलं, धुतलं, वाळवलं. साधा दात यानंतर खडूसारखा पांढरा, खरखरीत होतो, आणि त्या खरखरीत जागेत सिमेंटखालचं चिकट द्रव्य शिरून धरतं. तिच्या दातावर मध्ये मध्ये चकचकीत ठिपके तसेच राहिले; तिथे आम्ल लागलंच नव्हतं, म्हणजे सिमेंटही धरणार नव्हतं. मी वरचा थर किंचित घासला, आम्ल पुन्हा लावलं, जास्त वेळ ठेवलं. ठिपके थोडे कमी झाले, गेले नाहीत. कॉलेजात काढलेल्या दातांवर आम्ही असे तुकडे चिकटवून मशीनवर ओढून बघायचो. अशा दातांवरचे काही तर मशीनला लावतानाच गळून पडायचे. ते आम्ही तक्त्यात धरतच नव्हतो.

ती वर बघत होती. तोंडात माझी बोटं, कापूस, नळी. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं ते मी पुसलं. “दुखतंय का?” विचारलं. तिनं मान हलवली, नाही.

निळ्या दिव्यानं सिमेंट टणक झालं, मी कड घासून सारखी केली. दात छान दिसत होता. पहिल्या दिवशी तो नेहमीच छान दिसतो. नंतर रोजचा गरम चहा, थंड पाणी, आणि ते ठिपके.

काकू आत आल्या. दात बघून खूश झाल्या. “हं, आता बसला पक्का. डाक्टरबाई, तुमीच सांगा हिले. माह्यं आयकत नाई. आता निघाला त हिचीच चूक. सांगा.”

सून आरसा हातात धरून माझ्याकडे बघत होती. मॅडम बेसिनवर हात धूत होत्या. मानेनं हो म्हटलं असतं तर दोघी पायऱ्या उतरून बसला गेल्या असत्या. शब्द आठवत होते ते सगळे इंग्रजीतले, पुस्तकातले. काकूंना देण्यासारखा एकही नव्हता.

“हा पुन्हा निघेल, काकू,” मी म्हणाले. “यांनी काही न चावताही निघेल.”