रंगनाथ डॉक्टरांच्या काडेपेट्या

कर्जतच्या बाजारात रंगनाथ शेटे डॉक्टर भेटले, की ते ‘कसं काय’ असे विचारत नसत. ‘पोट काय म्हणतंय?’ असे विचारत. मामलेदार कचेरीतल्या कारकुनालाही ते हा प्रश्न त्याच गांभीर्याने घालत आणि उत्तर नीट मिळेपर्यंत सायकलवर बसत नसत. लोक हसत. मात्र ज्या दिवशी पोट खरेच काही म्हणू लागे, त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यांच्याच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलेले दिसत.

ते जुन्या पद्धतीची सनद घेतलेले डॉक्टर होते. मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पण बहात्तरच्या दुष्काळात एका प्रश्नाने त्यांना धरले. खडी फोडायला जाणाऱ्या माणसांच्या पोटात कळा येत, शौचावाटे रक्त पडे. कुणी परदेशातून आलेल्या लाल ज्वारीला दोष देई, कुणी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीला. डॉक्टरांचा संशय होता आटत चाललेल्या विहिरींच्या तळच्या पाण्यावर. केवळ संशयावर कुणाला उपदेश करणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. अशातच पुण्यातील एक न्यास पोटाच्या विकारांवरील नव्या संशोधनाला वर्षभराचा बीजनिधी देणार असल्याचे त्यांनी वाचले आणि वयाच्या पन्नाशीत आयुष्यातला पहिला अर्ज लिहायला घेतला. अट एकच होती. एखाद्या वस्तीची प्राथमिक तपासणी करून निष्कर्ष जोडावेत. मग न्यासाचे प्राध्यापक स्वतः येऊन पाहतील.

“अहो, निधी मागताना लोक काहीतरी नाव घेण्यासारखं दाखवतात,” पत्नी रतनबाई म्हणाल्या. “तुम्ही काय तपासणार, हे मला शेजारणीला सांगताही यायचं नाही.”

“सांग, गुप्तधन शोधतायत म्हणून.”

तपासणीसाठी त्यांनी नाथाची वाडी निवडली. वीस-बावीस घरांची ही वाडी राहीबाईंच्या शब्दाबाहेर नव्हती. साठीच्या या विधवा बाईने होकार दिला, की वाडीने दिलाच. डॉक्टरांनी देवळाच्या ओट्यावर रिकाम्या काडेपेट्या मांडल्या, प्रत्येक पेटीवर एका घराचे नाव लिहिले आणि समजावून सांगितले, की घरात ज्याचे पोट दुखते त्याच्या शौचाचा नमुना उद्या सकाळी हवा. शेवटी कळकळीने ते एक वाक्य जास्त बोलून गेले: “पुण्याचे प्राध्यापक हे सगळं पाहणार आहेत. माझा अर्ज यावरच ठरेल.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्या वेळेवर हजर होत्या. प्रत्येक पेटी पळसाच्या पानात बांधलेली. डॉक्टरांना भरून आले. दवाखान्यात येऊन त्यांनी आपला एकडोळी पितळी सूक्ष्मदर्शक पुसला आणि पाहणीस आरंभ केला. पहिला नमुना निर्दोष. दुसराही निर्दोष. दुपारपर्यंत वाडीतला एकही माणूस आजारी निघाला नाही. आणि प्रत्येक नमुन्यात एका तपकिरी सालीचे बारीक तुकडे होते. डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला आणि मग रतनबाईंना हाक मारली.

“घरात बदाम आहे का गं?”

“दुष्काळात? एखादा असेल औषधापुरता.”

तो बदाम त्यांनी सोलला, साल भिंगाखाली धरली, आणि संध्याकाळच्या आत सायकल वाडीकडे वळवली.

राहीबाई तालमीपुढे बसल्या होत्या. शेजारी गोरक्ष होता. चैत्रातल्या यात्रेच्या कुस्तीसाठी वाडीने पोसलेला हा पैलवान; स्वतःच्या ताटातले कमी करून प्रत्येक घर त्याच्या खुराकाला हातभार लावी.

“राहीबाई, वाडीत बदाम कोण कोण खातं?”

“बदाम? आवं डॉक्टर, हितं लाल जवारी मिळायची मारामार. बदाम एकल्या गोरक्षाला. सालीसकट वाटून देतो आमी.”

“मग वाडीतल्या प्रत्येक घराच्या पेटीत बदामाची साल कशी?”

गोरक्ष उठू लागला.

“बस रं खाली,” राहीबाई म्हणाल्या. “तुजी काय चूक हाय त्यात? आमीच दिल्या त्याला डब्या. लई दमला बिचारा.”

“पण मी दुखणाऱ्या पोटाचा नमुना मागितला होता!”

“आयकलं हुतं आमी. पर तुमीच म्हनला, पुण्याचा सायेब बगनार, अर्ज त्याच्यावर ठरनार. बैलाच्या परदर्शनात लंगडा बैल मांडत्यात व्हय? वाडीतलं समद्यात चांगलं पोट दिलं तुमाला. तुमचा अर्ज पडाया नको.” आणि मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “आन् डबीवर घराचं नाव. रंगुबाईच्या पोरीला, लंकाला, पाव्हनं बगून गेल्यात. तिच्या घरात रगात पडतंय, ह्ये पुण्यापातूर कळवायचं?”

डॉक्टर रागावण्याच्या तयारीने आले होते. ते गोरक्षाशेजारी खाली बसले. चूक त्यांची होती; प्रत्येक पेटीवर त्यांच्याच हाताने नावे लिहिलेली होती.

दुसऱ्या खेपेस पेट्या कोऱ्या होत्या. प्रत्येक घराने आपली खूण स्वतः काढायची, ती कुणाला सांगायची नाही. खालच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी पेटीचा एक कोपरा तेवढा कापायचा. या वेळी बहुतेक नमुने सदोष निघाले, आणि कोपरा कापलेल्या पेट्यांत तर एकही निर्दोष नव्हता. सर्वांत वाईट नमुना होता बैल काढलेल्या पेटीतला. त्या बैलाला पाय तीनच होते. चौथा राहून गेला की मुद्दाम काढला नाही, हे डॉक्टरांना उमगले नाही. त्यांनी औषधाच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर ती ती खूण काढली आणि त्या देवळात ठेवल्या. ज्याची त्याने कुणी पाहत नसताना न्यावी. अर्जात मात्र त्यांनी दोन्ही खेपांची हकिगत बदामासह लिहिली.

“हे कशाला?” रतनबाई म्हणाल्या. “हसतील की तुम्हाला!”

“हसू देत. घडलं ते असं घडलं.”

रविवारी प्राध्यापक आले. वाडी ओट्याभोवती जमली होती. सगळ्या पुड्या गेल्या होत्या. बैलाची तेवढी जागेवर होती.

“पहिली खेप गाळली असती तरी चाललं असतं,” प्राध्यापक अर्ज चाळत म्हणाले.

“चाललं असतं. पण मग पुढच्या वाडीत दुसऱ्या कुणी पुन्हा नावं लिहिली असती.”

प्राध्यापकांनी मान हलवली. मग पुडीकडे बोट केले. “ही कुणाची?”

“माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही, असं ठरलंय.”

“आजारी कोण ते ठाऊक नाही, औषधाने बरा झाला की नाही तेही कळणार नाही. वर्षभर कुणाच्या मागे राहणार तुम्ही, डॉक्टर? निधी द्यावा तो कशाच्या बळावर?”

डॉक्टरांनी नावे विचारायची, तर त्यांना दिलेला शब्द मोडावा लागणार होता. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि तो पुसतच राहिले.

तेव्हा राहीबाई उठल्या. गुडघ्यावर हात देत ओटा चढल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी ती पुडी उचलली.

“बैल माजा हाय,” त्या प्राध्यापकांना म्हणाल्या. “लंगडा हाय, म्हनून मांडला नव्हता. दोन वरसं झाली दुखतंय. आता लिवा माजं नाव, आन् बगा बरी हुते का न्हाई.”

“आजे, मला बी न्हाई सांगितलंस?” गोरक्ष म्हणाला.

“तुला सांगून काय? तू बदाम खा.”

कुणीतरी हसले. मग मागून रंगुबाईंचा आवाज आला, “चूल आमची.” त्यांच्या लंकाने पदराआड तोंड लपवले, पण आईने शब्द मागे घेतला नाही. नांगर कुणाचा, तुळस कुणाची, हे हळूहळू ज्याचे त्याने सांगितले. दोन घरे गप्प राहिली. त्यांना कुणी विचारले नाही. प्राध्यापक लिहीत होते. डॉक्टरांचा चष्मा अजून हातातच होता.

निधी मंजूर झाल्याचे कळले तेव्हा पावसाळा लागला होता. मागितल्यापेक्षा रक्कम कमी होती, पण वर्षाचे काम निघणार होते. डॉक्टर ती बातमी घेऊन थेट वाडीवर गेले. राहीबाई शेतातून येत होत्या. अंगावर थोडे मांस चढले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग आता डब्या किती लागत्याल?”

“पुष्कळ. दर महिन्याला.”

तालमीच्या दारात बसलेला गोरक्ष हे ऐकताच उठला आणि मुकाट्याने आत जाऊन त्याने दार लावून घेतले.