सात नंबर कुणी वगळला?

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी जेवताना हसण्यासाठी वाचते. भूत-बीत, संकेत-बिंकेत... आपला काही संबंध नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली बाई. जे मीटरवर दिसत नाही ते नसतं, इतकं माझं साधं गणित. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला हसलं तर मी रागावणार नाही. मीही हसलेच असते.

मी राहते वडपेला, भिवंडीच्या शेजारी. तिथल्या पॉवरलूमसाठी, म्हणजे यंत्रमागांसाठी, छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवते. लूमवर धागा तुटला की बोर्ड लूम थांबवतो आणि मोबाईलवर मेसेज देतो – "लूम ४, धागा तुटला." पहिले पंधरा बोर्ड लावले नारपोलीच्या रफिकचाचांच्या कारखान्यात. चाचांनी तीन लूमवाल्या दोस्तांना शनिवारी सकाळी बघायला बोलावलं होतं. त्यांना पटलं तर माझा धंदा उभा राहणार होता. नाहीतर पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलेलंच होतं, त्यांना शनिवारी संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं आणि बॅग भरायची. मला भिवंडी सोडायची नव्हती. खड्डे, ट्रॅफिक, धूळ सगळ्यासकट नव्हती सोडायची.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. बोर्डाला करंट मिळाला की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. मुख्य प्रोग्रॅम कुठून उचलायचा, या बोर्डाचा नंबर काय, अशा सेटिंग्ज तो फ्लॅश मेमरीच्या एका कोपऱ्यातून वाचतो. लाईट गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. मी तर त्यांची दुसरी प्रतही शेजारी ठेवते. बूटलोडर त्या फक्त चालू होताना वाचतो. एकदा बोर्ड चालू झाला की आठवडाभर तो त्या कोपऱ्याकडे बघतसुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी मी घरून सगळ्या बोर्डांना एक अपडेट पाठवला. माझ्या टेबलावरच्या सोळाव्या, जास्तीच्या बोर्डालाही. सगळे मस्त चालत राहिले.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. चाचा मेन स्विच खाली ओढतात, शटरला कुलूप लावतात आणि नमाजला जातात. इकडे मी चहा पिता पिता टेबलावरचा बोर्ड बंद करून चालू केला... तर ढिम्म! मेमरी वाचली. FF FF FF FF – म्हणजे कोरी. अपडेटमध्ये मी मेमरीतल्या एका पत्त्यात एक शून्य जास्त टाकलं होतं. सेटिंग्ज गेल्या, शेजारची प्रतही गेली. दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवणारी शहाणी मीच!

म्हणजे कारखान्यातले पंधराही बोर्ड कोरे. शनिवारी सातला स्विच वर गेला की एकही उठणार नाही, आणि बोर्डाने परवानगी दिल्याशिवाय लूम फिरत नाही.

चाचांना फोन केला. "चाचा, आज जरा शटर उघडाल का?"

"जुम्मे को? बेटी, मेरे अब्बा ने भी कभी नहीं खोला. क्यों, कुछ गड़बड़ है?"

"नाही नाही... सहज."

खोटं बोलले. बाबा ओट्यावरून ऐकत होते. म्हणाले, "चुकला त चुकला गो. सांगून टाक ना. त्यो काय तुला खानार हाय?"

"उद्या साडेसहाला जाऊन सगळे नीट करते. कुणाला कळणार पण नाही."

"कर बाय तुला करायचा त्यो," म्हणून ते आत गेले.

शनिवारी लॅपटॉप, केबल घेऊन निघाले, तर नाक्यावर कंटेनर आडवा! नारपोलीला पोचले सव्वासातला. स्कूटी लावली. आणि गल्लीत ऐकू आलं – खटखट, खटखट. पंधराच्या पंधरा लूम चालू होते!

आत तिघे पाहुणे चहा पीत बसलेले. चाचा मोबाईल दाखवत होते. तेवढ्यात मेसेज वाजला, "लूम ४, धागा तुटला." कारागीर थेट मागच्या भिंतीकडच्या लूमवर गेला आणि त्याने धागा जोडला. मी बघतच राहिले. कारण मी नंबर टाकले होते दारापासून, एक ते पंधरा. चार नंबर दाराजवळ असायला हवा होता. कारागीर मात्र मागच्या भिंतीपासून मोजायचे. आठवडाभर ते याच गोंधळावरून कुरकुरत होते, आणि मी "बघू नंतर" म्हणत होते.

चहाच्या सुट्टीत एकेका बोर्डाला केबल लावली. सेटिंग्जच्या दोन्ही प्रती जागेवर, चेकसम – म्हणजे मजकूर शाबूत आहे का ते तपासायची बेरीज – बरोबर. नंबर मागच्या भिंतीपासून सुरू... पण शेवटचा सोळा! मध्ये सातच नव्हता.

"चाचा, तुमच्याकडे सात नंबरचा लूम कुठला?"

चाचांनी कप खाली ठेवला. "सात नंबर अब्बा ने बेचा था, मेरी पढ़ाई के लिए. फिर वो नंबर किसी लूम को दिया नहीं. तुझे किसने बताया?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. लूमवर नंबर रंगवलेले नाहीत, ते फक्त कारागिरांच्या तोंडात. बोर्डांचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. आणि शुक्रवारी शटर बंद, स्विच खाली.

मग मला राहवलं नाही. पाहुण्यांसमोरच सगळं सांगून टाकलं. मी मेमरी पुसली, चाचांशी खोटं बोलले, आज हे चालायलाच नको होतं. बोलताना डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांतले सगळ्यात म्हातारे म्हणाले, "मतलब मिटा दो, तो भी अपने आप याद कर लेती है? अरे, हमको यही वाली चाहिए!"

"नाही हो काका, तो बिघाड आहे!"

"ऐसा बिगाड़ हमको भी दे."

चाचा पोट धरून हसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बेटी, अगली बार जुम्मे को सच बोलना. शटर खोल दूँगा."

संध्याकाळी पुण्याला नकार कळवला. टेबलावरचा बोर्ड पुन्हा वाचला, तो मात्र कोराच होता. नंतर मुद्दाम कितीतरी बोर्ड पुसून पाहिले. कोरे ते कोरेच राहिले. इंजिनियर मित्रांनी वीस कारणं सांगितली, सातची जागा रिकामी कशी राहिली ते एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

आता नव्या कारखान्यात गेले की स्क्रू-ड्रायव्हर काढायच्या आधी मी कारागिरांना विचारते – तुमचा एक नंबर कुठला, आणि कुठला नंबर नाही? दर वेळी कुणीतरी येऊन माझं काम दुरुस्त करून जाईल, या भरवशावर धंदा थोडाच होतो!