बांधाकडची ज्वारी

हैदराबादेत बीडकडची सहा माणसं एका घरी जेवत आणि त्यांचं जेवण पाहून बेगमबाजारातले बाकीचे हमाल जळत. जळण्यासारखंच होतं. पोती सगळेच उचलत, मजुरी सगळ्यांना सारखीच तुटपुंजी मिळे, पण इतरांच्या नशिबी पाणचट वरण आणि या सहा जणांच्या ताटलीत अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, शुक्रवारी हुलग्याचे शेंगोळे, महिन्यातून दोनदा पायांचा रस्सा. रस्सा शिजायचा तेव्हा गल्लीतून जाणारे मुनीमही पाऊल मंद करत. हा सगळा कारभार मनकर्णाचा होता. चौसाळ्याकडच्या मेंढपाळाची ती बायको. नवरा बंकट हाही त्या हमालांतलाच एक.

तिच्याकडे जादू नव्हती, फक्त डोळे उघडे होते. भाजीवाल्या बायका पाट्या आवरू लागल्या की ही तिथं हजर. मुळे विकले जायचे आणि पाला पडून राहायचा, तो हिच्या ओच्यात. मूसी नदीच्या काठची घोळ आणि तांदुळजा शहरातली माणसं पायाखाली तुडवून जायची. मनकर्णा तिथंच वाकून खुडत बसायची. डाळीच्या वखारीत चाळणीखाली पडलेली चुरी ती आणायची, पाखडायची आणि तिचं असं पिठलं करायची की खाणारा बोटं चाटत राही. खाटकाकडे तर तिचा वेगळाच रुबाब. मेंढरांत जन्म गेलेली बाई, पाया नुसता हातात घेतला की जनावर तरणं होतं की म्हातारं ते सांगे. खाटीक तिला मौसी म्हणायचा आणि शिळा माल तिच्यापुढं करायच्या भानगडीत पडत नसे.

इतकं चांगलंचुंगलं करणारी बाई स्वतः किती चवीनं खात असेल, असं कुणालाही वाटेल. ती जेवत नव्हतीच म्हणा ना. सगळे उठून गेले की उरलेला कोर पाण्यात बुडवून औषधासारखा गिळायची. तव्याचा चटका बसला तरी हात मागं घेत नसे. बोटावरचा फोड दुसऱ्या दिवशी बंकटला दिसे, तिला नाही. त्या सहांत सटवा म्हणून एक दिंद्रुडचा बोलघेवडा गडी होता. तिला हसवायला तो उगीच म्हणे, “वैनी, आज मीठ लई पडलं.” मीठ अगदी बेताचं असायचं. भांडली असती, रागावली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. ती “बरं” म्हणायची आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची.

ती अशी झाली त्याला दीड वर्ष झालं होतं. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली बंकटची मेंढरं अर्जुनराव नावाच्या एका जमीनदाराच्या वावरात बसवली होती. तिकडची ही जुनी रीत. मेंढपाळानं रोज रात्री शेतात कळप बसवायचा, लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं आणि त्याच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं. अकरा रात्रींची बोली होती. नवव्या रात्री बायना गेली. बायना म्हणजे त्यांची तीन वर्षांची पोर, एकुलती एक. गावागावांत माणसं इतकी मरत होती की रडायलाही कुणी जमत नव्हतं. बंकटनं बांधाकडच्या कोपऱ्यात, बोरीच्या झाडाखाली खड्डा घेतला आणि पोरीला मातीआड केलं.

मनकर्णा तिथून उठेना. कळप पुढं गेला, उन्हं आली, गेली, ही मातीवर पंजा ठेवून बसलेली. तेव्हा बंकट वाड्यावर जाऊन आल्यासारखं करून परत आला आणि म्हणाला, “मालकाला सांगितलंय. चार पावलं जागा सोडतो म्हनले. नांगर न्हाई लागणार हितं.” त्या शब्दावर ती उठली. पुढं पाऊस बुडाला, चारा संपला, मेंढरं एकेक करून आडवी झाली आणि दोघं हैदराबादेला आली. कळप गेला याचं तिला काही वाटलं नाही. शहर मोठं आहे याचंही वाटलं नाही. बांधाकडची चार पावलं जागा नांगराविना पडून आहे, एवढं एक तिला ठाऊक होतं आणि त्यावर तिचा दिवस निघत होता. माणसाला जगायला किती कमी लागतं, हे तिच्याकडे बघून कळलं असतं; बघणारे मात्र ताटलीकडे बघत होते.

चैत्रात एका शुक्रवारी आश्रुबा दारात उभा राहिला. हा अर्जुनरावांचा सालगडी. मालकाबरोबर कोर्टाच्या कामाला आला होता. परभणीपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं त्यानं एक पोतं आणलं होतं. अर्जुनराव शब्दाचे पक्के. त्या वर्षी काही पिकलं नाही म्हणून मेंढरं बसवल्याचं धान्य द्यायचं राहिलं होतं, ते त्यांनी यंदा आठवणीनं धाडलं. बाजार बंद, सगळे घरीच होते. सटव्यानं पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर ज्वारी काढली आणि तिचे टपोरे, मोत्यासारखे दाणे बघून तो खूश झाला. आता दोन महिने धान्याची ददात नाही, असं त्यानं परस्पर जाहीर करून टाकलं.

मनकर्णानं आश्रुबाला गूळपाणी दिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “बांधाकडचा कोपरा सोडलाय ना?”

“कंचा कोपरा?”

“बोरीखालचा. चार पावलं.”

“कावून सोडायचा, वैनी?” आश्रुबा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. “बांधापस्तोर पेरलंय. तिथंच तर ज्वारी लई माजली. मानूस उभा ऱ्हायला तर दिसत नव्हता. मालक म्हनले, बंकटच्या मेंढरांनी पिकवली हाय, तिथलीच भरा त्येच्यासाठी.”

“बरं,” मनकर्णा म्हणाली.

आश्रुबा पाणी पिऊन मालकाकडं गेला. तिनं पोत्यातून दोन शेर ज्वारी काढली, निवडली, जात्यावर बसली. रोज दळते तशीच दळली. पीठ परातीत घेतलं, मळलं, भाकरी थापल्या, टोपलं भरलं. सहा जण ओळीनं बसले. शेंगोळ्यांचा वास सुटला होता. तिनं टोपल्यावरचं फडकं काढलं आणि हात तसाच राहिला.

“ह्या तुमच्या न्हाईत,” ती म्हणाली.

सटव्याला वाटलं, वैनीला दीड वर्षानं थट्टा सुचली. तो हसत बंकटकडे वळला. “मंग कुणाच्या बे?”

बंकटच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याचं हसू गेलं. मनकर्णानं मडक्यातल्या कालच्या कण्या काढल्या, शेंगोळ्यांबरोबर त्या पाचही जणांना वाढल्या. ती माणसं चांगली होती. कुणी काही विचारलं नाही. पोटात चार घास ढकलून ती हात धुऊन बाहेर पडली.

घरात दोघंच उरली. बंकटची ताटली रिकामी होती.

“तुमी मालकाला सांगितलंच नव्हतं,” मनकर्णा म्हणाली.

“न्हाई.” बंकटनं मान वर केली नाही. “पोर मानमोडीनं गेली म्हनलं असतं तर त्यांनी शेतातून हाकलली असती आपल्याला. उकराय लावली असती. आन् तू उठंना. तुला उठवाय काय करू?”

त्याच्यावर राग यावा असं तिला वाटलं, पण आला नाही. त्यानं तिला खोटं सांगून उचललं होतं आणि ती जिवंत होती, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती टोपलं घेऊन त्याच्यासमोर बसली. एक भाकरी त्याच्या ताटलीत ठेवली, एक स्वतःच्या हातात घेतली.

“ही ज्वारी दुसऱ्याच्या पोटात जायला नगं,” ती म्हणाली. “आपुन दोघांनीच खायची. पार सरंस्तोर.”

“मला गिळवायची न्हाई, मनकर्णा.”

“गिळा.”

त्यानं घास मोडला. तो तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना, डोळ्यांतलं पाणी दाढीतून ताटलीत पडलं. मनकर्णानं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. ती सावकाश खात होती. पाण्यात बुडवून नाही, चावून. ज्वारी गोड होती, हे तिला कळलं. दीड वर्षात कशाची चव कळली नव्हती आणि नेमकी हिची कळली. तिनं दुसरी भाकरी घेतली, तीही संपवली. खाली पडलेला तुकडा बोटानं टिपून तोंडात टाकला.

मग ती परात घासायला मोरीपाशी गेली. परात स्वच्छ झाली, काथवट झाली. तिनं हात पाण्यात घातले तेव्हा नखांत अडकलेलं पांढरं पीठ दिसलं. ते धुऊन टाकायला तिचा हात होईना. हात तसेच छातीशी धरून ती ओल्या फरशीवर बसली आणि बायना गेल्यापासून पहिल्यांदा रडली.