चार मायक्रोस्कोप आणि शंभर गुणांचा तक्ता

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन सदरे, लाडवांचा डबा आणि शासनाचा शंभर गुणांचा तक्ता होता. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. खासगी महाविद्यालयं गावोगावी उगवू लागली होती. त्यांचं काम मोजून एकमेकांशी ताडून पाहावं असं वर कुणाच्या तरी मनात आलं, आणि परका माणूस निःपक्षपाती असतो म्हणून वर्धा जिल्ह्यातली दोन महाविद्यालयं माझ्या वाट्याला आली. पन्नासाच्या आत गुण पडले तर पुढच्या वर्षीचे प्रवेश बंद. मी पदार्थविज्ञान शिकवणारा. जगात मोजता येत नाही असं काही नसतं, ही माझी तेव्हा पक्की समजूत होती, आणि तिचा थोडा माजही होता.

वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेला मेव्हण्याकडे उतरलो. त्याच्या बायकोने सांभारवडी (सांभार म्हणजे कोथिंबीर, मी आधी भलतंच समजलो होतो) इतक्या आग्रहाने वाढली की पाहणीला निघताना जोड्यांच्या नाड्या बांधायला वाकवेना.

पहिल्या महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. इमारत तीनमजली, कमानीवर ताजा रंग, दारात गुलाबाचे हार. तक्त्यात चाळीस गुण इमारतीलाच होते, ते मी भराभर देत गेलो. प्रयोगशाळेत चार मायक्रोस्कोप मांडले होते. प्रत्येकावर जुन्या जरीकाठी लुगड्याचं शिवलेलं टोपडं आणि त्यावर निळ्या दोऱ्याने काढलेला आकडा. उपकरणांची एवढी निगा मी आमच्या पुण्यातही पाहिली नव्हती. एका विद्यार्थ्याला म्हटलं, "जरा दाखव बघू काहीतरी." त्याने टोपडं काढलं, भिंग जपून पुसलं आणि टोपडं पुन्हा घातलं. लाजला असेल, असं मानून मी उपकरणांना दहापैकी नऊ दिले. एकूण एक्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी एसटीने हिंगणघाटवरून वडनेर गाठलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आणि बांधावर फुललेला पळस. शेजारच्या आजोबांना पाहणीला आलोय असं सांगून महाविद्यालय कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आमची नात तिथंच शिकून राह्यली. पाहून घेजा बाप्पा नीट. हे बंद झालं तं पोरीले कोन धाडते वर्ध्याले?"

महाविद्यालय म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. मध्ये तट्ट्यांच्या भिंती घालून वर्ग केलेले. प्राचार्य भोयर स्वतः फळा पुसत होते. इमारतीचे गुण तिथेच घरंगळले. पण पुढे जे दिसलं त्याने मी सुखावलो. ग्रंथालयातली पुस्तकं हाताळून मऊ झालेली. जीवशास्त्राच्या वर्गात मुलींनी कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची चित्रं काढली होती, पाहून काढलेली, पुस्तकातून उतरवलेली नव्हेत. एकीने तर भिंगाखाली आलेला हवेचा बुडबुडाही काढून त्याला 'बुडबुडा, पेशी नव्हे' असं नाव दिलं होतं. तक्त्यात याला रकाना नव्हता.

मग उपकरणांचं कपाट उघडलं. आत चार रिकाम्या जागा होत्या.

"मायक्रोस्कोप?"

भोयर सर खाली पाहू लागले. "होते जी. बाहेर गेले."

बाहेर म्हणजे कुठे, ते सांगेनात. माझा पारा चढला. बेरीज चव्वेचाळीसवर येत होती. या गोदामाला टाळं लागणार आणि ते माझ्या सहीने लागणार, हे मला दिसत होतं आणि त्याचा मला राग येत होता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर माझी नजर गेली. तिथे तराजूसाठी अर्धवट शिवलेलं टोपडं होतं. तोच जरीचा काठ, सुईत तोच निळा दोरा.

"हे कुणी शिवलं?"

"मीच," जीवशास्त्राच्या झाडेबाई म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला. "मी म्हनलं होतं सरले, आपली पाहनी उद्याच आहे, नका देऊ! सकाळी आणून देतो म्हने ते लोक. आता सांगतेत जीप बंद पडली!"

"बाई, राहू द्या," भोयर म्हणाले.

"अहो, पण दिलेत काऊन?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघाली.

सरांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "पेरणीत बैलजोडी मागाले आला मानूस आमच्या इकडे वापस जात नाई जी. मंग त्याचं वावर आपल्यापेक्षा मोठं असो. अन् एक सांगतो, त्यांचे गुण कापू नका. तिथंबी पोरंच शिकतेत."

या माणसापुढे मला माझा तक्ता फार लहान वाटला. तरी मी तो मांडीवर घेऊन नियम पुन्हा वाचला: 'पाहणी करणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेली उपकरणेच धरावीत.' कुठे पाहिलेली, ते लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, 'मायक्रोस्कोप चार, टोपड्यांसह, स्वतः पाहिले' आणि तेच नऊ गुण दिले. बेरीज त्रेपन्न. झाडेबाईंनी पदराने डोळे पुसले आणि गुळाचा चहा आणायला त्या स्वतःच गेल्या.

पहिल्या महाविद्यालयाचे नऊ मात्र मी कापले. सरांचं ऐकलं नाही. मी काही एवढा थोर नाही. तरीही त्यांचे बहात्तर उरले, म्हणजे वडनेरपेक्षा कितीतरी पुढे. कमानीचा रंग जिंकला.

परतीच्या गाडीत लाडवांचा डबा उघडला तर आत गूळ आणि तुरीची डाळ. मेव्हण्याच्या बायकोचं काम. खिडकीशी बसून मी तो तक्ता पुनःपुन्हा वाचला. त्यात शौचालयांना रकाना होता, सायकलींच्या मांडवाला होता. आपली पाहणी उद्यावर असताना शेजाऱ्याची आजची नड भागवणाऱ्याला मात्र नव्हता. अहवालाला मी तसं पत्र जोडलं. त्याची पोचसुद्धा आली नाही.

पुढच्या वर्षी झाडेबाईंचं कार्ड आलं. प्रवेश पूर्ण भरले होते, बुडबुडेवाली मुलगी पहिली आली होती. खाली लिहिलं होतं: "मायक्रोस्कोप याही वर्षी मागायला आले होते. सरांनी दिले. मात्र या खेपेला आधी आमची पेरणी उरकून घेतली."